तळटीप : लाँचसमोरचा निळा दिवा

१८. ‘निळा दिवा लुकलुकला आणि आमची लाँच थांबली’ : लेखकाचं बालपण मैंदर्गीत गेलं. अक्कलकोट तालुक्याच्या त्या टोकाला मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली भीमा. भाऊच्या धक्क्याबाहेरचा प्रत्येक दिवा त्यांना पोलिसांचाच वाटला, यात नवल नाही. एरवी बोटीचे दिवे लुकलुकत नाहीत. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. यांपैकी कोणते दिसतात त्यावरून समोरची बोट कुठे तोंड करून आहे ते अंधारात कळतं. १९७२च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांत (अंमल १५ जुलै १९७७पासून) लुकलुकणारा दिवा म्हणजे मिनिटाला १२० किंवा अधिक वेळा चमकणारा. असा पिवळा दिवा हवेच्या गादीवर चालणाऱ्या हॉवरक्राफ्टला लागतो. निळ्याचं त्यांत नावही नाही. तो ज्या त्या देशाच्या कायद्यातला. अमेरिकेत अंतर्गत जलमार्गांवर गस्तीच्या बोटींना तो लावता येतो. तेव्हा लेखकाने त्याला दिलेला ‘जगभरचा हुकूम’ हा मान जरा जास्तच आहे.

लेखकाच्या सोलापूर जिल्ह्यातलं बोटींचं खरं पाणी उजनी धरणाचं. तिथे २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावरची बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. तो प्रश्न दिव्यांचा नव्हता, वादळी वाऱ्याचा होता. अशा यांत्रिक बोटींच्या नोंदणीसाठी आणि तपासणीसाठी १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. — संपा.