मेंदूच्या तळाचं कडं

वरळी नाक्यावर एखादा रस्ता खणायला घेतला की गाड्या बाजूच्या रस्त्याने वळवतात. उशीर होतो, पण माणूस पोचतो. मेंदूच्या तळाशीही अशीच सोय आहे. पुढून दोन कॅरोटिड आणि मानेच्या मणक्यांतून चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल, अशा चार रक्तवाहिन्या कवटीत शिरतात. तिथे बारीक जोडवाहिन्या त्यांना एकमेकींशी बांधतात आणि एक कडं तयार होतं. डॉक्टर त्याला 'सर्कल ऑफ विलिस' म्हणतात.

विलिस म्हणजे ऑक्सफर्डचा थॉमस विलिस. कडं त्याच्याआधीही काहींनी पाहिलं होतं. तरी नाव त्याचं लागलं ते रास्तच, कारण ते कशासाठी आहे हे त्याने दाखवलं. त्याने एका कॅरोटिडमध्ये शाई मिसळलेलं पाणी सोडलं, तर दुसऱ्या बाजूच्या वाहिन्याही रंगल्या. एका मृतदेहात त्याला उजवी कॅरोटिड दगडासारखी बंद झालेली आढळली, आणि त्याच बाजूची व्हर्टिब्रल डावीच्या तिप्पट जाड. त्या माणसाला अर्धांगवायू झाला नव्हता. तो पोटातल्या गाठीने गेला होता. हे सगळं १६६४ साली 'सेरेब्री अनाटोमी' या ग्रंथात आलं. त्यातली बरीच चित्रं काढणारा ख्रिस्तोफर रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा वास्तुकार झाला.

पाठ्यपुस्तकांत आजही दोन्ही बाजू सारख्या असलेलं कडंच रेखाटतात. विच्छेदनाच्या टेबलावर गोष्ट वेगळी असते. फॉर्मलिनमधला मेंदू पालथा घालावा, तळावरचा पातळ पडदा चिमट्याने हलकेच सोडवावा. मागची जोडवाहिनी एकीकडे शिवणाच्या दोऱ्याएवढी, दुसरीकडे समईच्या वातीएवढी. कधी एका बाजूला ती नसतेच. वातीएवढी असते ती बहुधा गर्भातली खूण: तेव्हा मेंदूच्या मागच्या भागाला कॅरोटिडच रक्त पुरवते, पुढे ते काम व्हर्टिब्रलकडे जातं. काहींत जातच नाही. आल्पर्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली ३५० निरोगी मेंदू तपासले. पुस्तकातल्यासारखं कडं निघालं जेमतेम निम्म्यांत. हे वेगळेपण म्हणजे रोग नव्हे. पण कॅरोटिड तुंबली, तर ज्याची जोडवाहिनी दोऱ्याएवढी त्याला वळणरस्ता कमी पडतो.

हे शहाणपण एका देहातून येत नाही, शेकडो देहांतून येतं. १९४९च्या बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्टने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली. मुंबईतल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी हे कडं पहिल्यांदा पाहिलं ते अशाच कुणाच्या तरी मेंदूवर, ज्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. त्या बेवारस देहांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

आता लोक आपणहून देहदान करतात. वरळीहून परळचं केईएम रुग्णालय आणि तिथलं वैद्यकीय कॉलेज काही लांब नाही. अर्ज भरणार असाल तर घरच्यांना आजच सांगून ठेवा. त्या दिवशी कॉलेजला फोन त्यांनाच करायचा असतो.