आयर्विन पूल, सांगली : पूल बघा, पाण्याचा आकडाही बघा

कृष्णेवरचा आयर्विन पूल ही सांगलीची ओळख. सांगली शहर आणि पलीकडची सांगलवाडी या पुलाने जोडली. संस्थानकाळात, चिंतामणराव पटवर्धन यांच्या राजवटीत तो बांधला गेला. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला, म्हणून हे नाव.

काय बघावं : पूल बघायचा तर कठड्याकडेनं पायी चालत, उन्हाळ्यात नाहीतर हिवाळ्यात. पाणी कमी असलं की कमानी आणि खांब नीट दिसतात. गणपती मंदिर आणि कृष्णेचा घाट जवळच आहे.

फुटांचा हिशोब : पावसाळ्यात "आयर्विनला किती फूट?" हाच प्रश्न गावोगावी असतो. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

सांगलीत ऊन पडलं म्हणून पाणी उतरेलच असं नाही. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळतं आणि मग खाली सांगलीकडे येतं. म्हणून नदीकाठचा शेतकरी आभाळापेक्षा आकडा बघतो. नदीवरची मोटार कधी काढायची, जनावरं कधी हलवायची, हे त्यावरच ठरतं. रात्री आकडा चढत असेल तर सकाळची वाट बघत बसू नये.

पूर असताना पाणी बघायला, फोटो काढायला पुलावर गर्दी करू नये. वाहतूक बंद केली असेल तर मागं फिरावं.