कॉर्न स्नेक : पिल्लांचा पहिला आहार

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. अमेरिकेत आणि युरोपात तो हौसेने पाळतात व घरीच त्याची वीणही करतात. अंडी साधारण दोन महिन्यांनी फुटतात. बाहेर येणारे पिल्लू वीतभर, फार तर फूटभर लांबीचे आणि पेन्सिलीहून बारीक असते. आठवडाभर त्याने काही खाल्ले नाही की पाळणारा धास्तावतो. पण हा उपवास आजाराचे लक्षण नव्हे. पिल्लाला त्याहून जास्त अपाय घाईने भरवण्याने होतो. अंडे सोडण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि सुरुवातीचे दिवस ते याच शिदोरीवर काढते. आठवडा-दीड आठवड्यात पहिली कात पडते, तेव्हा कुठे भूक जागी होते. म्हणून खाद्य कातीनंतर द्यावे. उथळ भांड्यात पाणी मात्र पहिल्या दिवसापासून हवे.

खाद्य म्हणजे उंदराचे एक-दोन दिवसांचे, केस न फुटलेले पिल्लू. पाळणारे त्याला ‘पिंकी’ म्हणतात. गोठवलेली पिंकी कोमट पाण्यात पूर्ण वितळवून, कोरडी करून, दर पाच ते सात दिवसांनी एक देतात. तरीही काही पिल्ले तोंड फिरवतात, आणि त्याचे कारण त्यांच्या रानातल्या आहारात आहे. तिथे ती मुख्यतः लहान सरडे व झाडावरचे बेडूक खातात. साप जिभेने वासाचे कण टिपून टाळूतल्या ज्ञानेंद्रियाकडे नेतो. तिथे उंदराचा वास ‘खाद्य’ म्हणून पटला नाही, तर समोरची पिंकी त्याच्या लेखी भक्ष्यच नसते. यावर उपाय म्हणून पिंकी धुऊन तिला सरड्याचा वास चोळतात, किंवा तिचे डोके किंचित चिरून आतला ओलावा वर आणतात. मग पिल्लू आणि पिंकी भोके पाडलेल्या लहानशा डबीत रात्रभर अंधारात ठेवतात. पिल्लाच्या पेटीचा एक कोपरा २८ ते ३० अंश सेल्सिअस उबदार हवा. थंडीत पचन मंदावते आणि गिळलेले उलटून पडते. खाल्ल्यावर दोन दिवस पिल्लाला हात लावू नये.

वाट पाहत बसलो तर अशक्त पिल्लू मरेल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्याला उत्तर वजनकाट्याने द्यावे. वजन टिकून असेल तर थांबावे. ते घसरत असेल, पाठीचा कणा उठून दिसू लागला असेल, तर पिंकीचे डोके हलकेच तोंडात देऊन पिल्लाला खाली ठेवावे आणि आपण बाजूला व्हावे. बरीचशी पिल्ले पुढचे आपण गिळतात. घशात ढकलून भरवणे हा अखेरचा मार्ग, तोही पशुवैद्याच्या किंवा सरावलेल्या हाताने; त्यात नाजूक जबडा दुखावतो आणि भेदरलेले पिल्लू खाल्लेले ओकून टाकते. जिवंत भक्ष्यच नैसर्गिक, असेही म्हटले जाते. पिंकी चावत नाही, त्यामुळे या वयात जिवंत देण्यात सापाला धोका नाही हे खरे. पण मोठा उंदीर सापाला कुरतडून जखमी करू शकतो, म्हणून मेलेले खाण्याची सवय लहानपणीच लागलेली बरी.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पाळता येत नाहीत. महाराष्ट्रात सर्पमित्र कधी धामणीची वा दिवडाची धोक्यातली अंडी उबवतात, तेव्हा पिल्लांना भरवण्याच्या खटपटीत पडू नये. पोटात बलक असतानाच ती योग्य अधिवासात सोडली, की पहिली शिकार ती स्वतःच शोधतात.