पहिलीचं पहिलं सत्र: जून ते दिवाळी मूल शाळेत नेमकं काय शिकतं?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वह्यांचे फोटो फिरू लागतात. कुणाचे शंभरपर्यंत अंक लिहून झालेले असतात, कुणाची बाराखडी पूर्ण झालेली असते. ज्यांच्या घरातली वही अजून कोरीच आहे, ते पालक मात्र धास्तावतात. पण पहिलीच्या पहिल्या सत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं शिकणं वहीत फारसं उमटत नाही. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या मराठी शाळेत जाणारं सहा वर्षांचं मूल या काळात काय काय शिकतं, ते विषयवार समजून घेतलं की ही धास्ती बरीच कमी होते. आणि खरी काळजी कशाची करायची, तेही कळतं.

सत्र म्हणजे किती वेळ?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. पहिलं सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालतं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. गणपती, दसरा, पावसाच्या सुट्ट्या आणि आजारपणं वजा केली तर मुलाच्या हाती साधारण निम्म्या वर्षापेक्षा कमीच दिवस उरतात.

सुरुवातीचे आठवडे: पुस्तकाआधीची तयारी

पहिलीच्या वर्गात कुणी तीन वर्षं बालवाडीत जाऊन आलेलं असतं, कुणी अंगणवाडीतून येतं, तर कुणी पहिल्यांदाच घराबाहेर बसतं. ही तफावत भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'विद्याप्रवेश' हा तीन महिन्यांचा खेळांवर आधारलेला कार्यक्रम आणला. महाराष्ट्रातही शाळा सुरू होताना 'शाळापूर्व तयारी' मेळावे होतात. त्यात मुलांकडून रंग ओळखणं, वस्तूंचे गट करणं, चित्र पाहून बोलणं असे खेळ करून घेतात.

पालकांना हे दिवस 'नुसते खेळण्यात गेले' असं वाटतं. पण दोन सूचना ऐकून त्या क्रमाने पाळणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, 'पाणी' आणि 'पाटी' हे शब्द एकाच आवाजाने सुरू होतात हे कानाला कळणं, या गोष्टी जमल्याशिवाय अक्षर गिरवून फारसा उपयोग होत नाही.

मराठी: अक्षरं 'अ' पासूनच का नाहीत?

अनेक घरांत वाद होतो तो इथे. आजी-आजोबा 'अ आ इ ई' विचारतात आणि मूल 'म', 'क', 'न' शिकून येतं. अक्षरगटाने शिकवण्याच्या पद्धतीत मुळाक्षरांचा क्रम बाजूला ठेवून ज्यांच्यापासून लगेच शब्द बनतात अशी अक्षरं आधी घेतात. 'म, क, न, ल' आणि काना एवढं आलं की मका, नाक, कान, काम, माल, कमान, लाल असे शब्द मूल स्वतः वाचू लागतं. संपूर्ण वर्णमाला पाठ करून महिनोन्महिने एकही शब्द न वाचणाऱ्या मुलापेक्षा हे मूल पुढे असतं.

देवनागरीत मुलं अडखळतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गोंधळ होतो. पहिली वेलांटी तर फारच फसवी. 'कि' लिहिताना खूण 'क'च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. त्यामुळे कान्यात अजिबात न चुकणारं मूल वेलांटीपाशी अडलं तर त्यात काळजीचं काही नाही. जोडाक्षरांचा खरा सराव पुढे होतो.

ज्यांच्या घरची भाषा प्रमाण मराठी नाही, त्यांचं काम दुप्पट असतं. मेळघाटातल्या मुलाची कोरकू ही मराठीपेक्षा वेगळ्याच भाषाकुळातली आहे. त्याला अक्षराबरोबर शब्दाचा अर्थही नव्याने शिकावा लागतो. अशा वर्गात पहिलं सत्र बोलण्या-ऐकण्यात जास्त गेलं, तर तो वेळ योग्य ठिकाणी खर्च झालेला असतो.

गणित: मोजणं आणि म्हणणं यातला फरक

'एक ते शंभर म्हणून दाखव' म्हटलं की बरीच मुलं म्हणून दाखवतात. पण समोर अकरा बिया ठेवून 'मोज' म्हटलं की त्यातलीच काही एक बी दोनदा मोजतात किंवा एखादी सोडून देतात. म्हणणं ही पाठांतराची गोष्ट झाली, मोजणं ही समजेची. म्हणून सत्राची सुरुवात कमी-जास्त, लहान-मोठा, मागे-पुढे अशा तुलनांनी होते. मग १ ते ९, शून्य, नऊपर्यंतची बेरीज-वजाबाकी आणि त्यानंतर दहाचा गठ्ठा. दहा काड्या एकत्र बांधल्या की 'एक दशक' होतो, ही कल्पना पक्की झाली तर पुढचे हातचे आणि मोठ्या संख्या सोप्या जातात.

मराठी मुलांसमोर आणखी एक अडचण असते, ती संख्यानामांची. 'त्रेचाळीस' ऐकताना तीन आधी कानावर पडतो, लिहिताना मात्र चार आधी लिहायचा. म्हणून मूल ४३ च्या जागी ३४ लिहितं. 'एकोणपन्नास'मध्ये पन्नास ऐकू येतो आणि लिहायचे असतात ४९.

याच मुद्द्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्रभर वाद झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' अशी वाचनाची सोपी पद्धत दिली होती. यामुळे मराठीची मोडतोड होईल, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ही पद्धत मुलांना संख्या समजायला सोपी जावी म्हणून दिली असल्याचं स्पष्ट केलं होतं. विषय विधिमंडळातही गाजला. बाजू कोणतीही घ्या, मुलाची अडचण खरी आहे. ४३ चं ३४ झालं म्हणून ते 'गणितात कच्चं' ठरत नाही.

इंग्रजी: आधी कान, मग पेन

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिल्या सत्रात भर ऐकण्यावर असतो: छोट्या सूचना पाळणं, गाणी, वस्तूंची नावं, स्वतःचं नाव सांगणं. स्पेलिंग पाठ करणं हा या टप्प्याचा हेतू नाही. पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे निर्णय २०२५ मध्ये निघाले होते. मोठ्या विरोधानंतर जूनअखेरीस सरकारने ते मागे घेतले.

परिसर आणि 'खेळू, करू, शिकू'

परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक तिसरीपासून येतं. त्याआधी घर, पाऊस, झाडं, प्राणी, स्वच्छता हे विषय भाषा आणि गणितातूनच येतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांसाठी बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक आहे. मातीचे गोळे करणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं यांतून बोटांत ताकद येते. पेन्सिल घट्ट आवळून धरणाऱ्या, दोन ओळींत थकणाऱ्या मुलाला आणखी गिरवायला लावण्यापेक्षा कणकेचा गोळा हातात देणं जास्त उपयोगी पडतं.

मग मूल्यमापन कसं होतं?

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यात पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आहे. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं त्यात येतं. सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला फक्त ३० टक्के. प्रगतिपत्रकावर 'अ-१', 'ब-२' अशा श्रेणी येतात. पालकांची नजर श्रेणीवर जाते, पण खरी माहिती वर्णनात्मक नोंदींत असते. 'चित्रावर तीन-चार वाक्यं बोलते' या नोंदीतून मूल कुठे आहे ते कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी काय पाहावं?

- शिकलेल्या अक्षरांपासून बनलेला, पण पुस्तकात नसलेला नवा शब्द मूल वाचतं का?
- ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतं का?
- पंधरा-वीस वस्तू एकेक करून बरोबर मोजतं का? दोन ढिगांपैकी जास्त कुठला ते सांगतं का?
- 'पाच बोरांतली दोन खाल्ली, उरली किती?' याचं उत्तर वस्तू घेऊन काढतं का?
- शाळेत जायला सहसा तयार असतं का?

एखादी गोष्ट जमत नसेल तर लगेच शिकवणी लावायची गरज नाही. आधी वर्गशिक्षकांशी बोलावं आणि मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. फळा नीट दिसत नाही किंवा नीट ऐकू येत नाही, हे सहा वर्षांचं मूल स्वतःहून सांगत नाही.

एवढी काळजी का घ्यायची?

२०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानानुसार पहिली संपताना मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्यं वाचावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. तिसरीअखेर त्याने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत. प्रत्यक्षात 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला.

तिसरीपासून परिसर अभ्यासाचं पुस्तक येतं, गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात आणि वाचता येतं हे गृहीत धरलं जातं. तोवर वाचन आलं नसेल, तर मूल सगळ्याच विषयांत मागे पडू लागतं. पहिलीच्या दिवाळीत ही अडचण लक्षात आली, तर ती दूर करायला जवळपास दीड वर्ष हाताशी असतं.