फड व एकबेरीज : पेशवाई कचेरीतील दोन प्रकृती

वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीजकालीन मठांची रचना विशिष्ट हेतूने केलेली होती. मध्ये मोकळा चौक, भोवती कमानींची ओवरी आणि पलीकडे एकान्ताच्या खोल्या. एकत्र येण्याची जागा व मौनाची जागा यांच्यामध्ये भिंत होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली व हा प्रांत पेशव्यांच्या कारभारात आला. त्या कारभारात ही विभागणी भिंतीने नव्हे, तर कामाच्या स्वरूपाने झालेली आढळते.

प्रांतोप्रांतीचे हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात येत. तेथे २०० हून अधिक कारकून असत. दफ्तराची मुख्य अंगे दोन : चालते दफ्तर व एकबेरीज. चालत्या दफ्तरातील फड ही शाखा थेट फडणिसांच्या हाताखाली असून सनदा व हुकूम तेथून सुटत. फडणीस हा शब्द मूळचा ‘फर्दनवीस’ असे एक मत आहे. ते ग्राह्य धरले तरी मराठी कानाला फड म्हणताच कुस्तीचा वा तमाशाचा फड आठवतो, आणि त्याबरोबर माणसांची वर्दळही.

एकबेरजेची प्रकृती नेमकी उलट. इतर खात्यांचे हिशेब येथे येऊन क्रमवार लावले जात. जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे, खतावण्या व तर्जुमे तयार होत. ताळा जुळेपर्यंत कारकुनाला दुसरीकडे लक्ष देता येणे कठीण. हे दफ्तर कायम पुण्यातच असे. गोंगाट टाळावा एवढ्याच हेतूने ही व्यवस्था झाली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु तातडीचे काम आणि सावकाशीचे काम एकाच बैठकीवर चालत नाही, ही जाण तिच्यामागे निश्चित दिसते. आजच्या एकाच मोकळ्या दालनाच्या कचेऱ्यांत तीच पुष्कळदा हरवलेली असते.

नाना फडणिसांनंतर ही घडी विसकटली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत कारकून घटले व कागदांची हेळसांड झाली. याच बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला, तोही वसईसच. हुकूम पुढेही सुटत राहिले. मात्र त्यांचा हिशेब राखणारे हात थोडे उरले. १८१८ मध्ये दफ्तर इंग्रजांकडे गेले. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर ४५ खंडांत प्रसिद्ध केले. वसईच्या मोहिमेची पत्रेही त्यांत आहेत.