अमीर अलीची जबानी

चार इमली हे नाव ज्यांनी प्रथम उच्चारले, त्यांच्या डोळ्यांसमोर चिंचेची चार झाडे असावीत. आज त्या नावाखाली सरकारी अधिकाऱ्यांचे बंगले आहेत आणि त्यांतल्याच एका बंगल्यात आमच्या नोकरीची अखेरची वर्षे गेली. अंगणात एक जुनी चिंच होती. निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या सावलीत बसून आम्ही एक पुस्तक दुसऱ्यांदा वाचले आणि पहिल्या वाचनाच्या वेळी आपण किती भोळे होतो, हे ध्यानात आले. ते पुस्तक म्हणजे फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी.

ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. टेलर हा मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १८२४ साली कोवळ्या वयात तो मुंबईस उतरला, पुढे निजामाच्या नोकरीत शिरला आणि नळदुर्ग-तुळजापूरच्या मुलुखात त्याने कारभारही केला. शिवाजी महाराज व अफजलखान यांच्या प्रसंगावरची ‘तारा’ ही त्याची १८६३ सालची कादंबरी त्याच मातीतून उगवली. ठगांच्या जबान्या नोंदविण्याचे काम त्याने १८३२च्या सुमारास केले होते. त्या अनुभवातून त्याने अमीर अली उभा केला. अमीर अली सरकारी साक्षीदार झालेला कैदी आहे आणि एका साहेबासमोर बसून तो आपले सारे आयुष्य सांगतो.

कथानक थोडक्यात असे आहे. प्रवासात आईबाप मारले गेलेल्या एका लहान मुलाला मारेकऱ्यांपैकीच एक जमादार, इस्माईल, पोटच्या पोरासारखा वाढवतो. गावात इस्माईल प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत असतो. मुलगा मोठा होतो, बापाचा खरा धंदा त्याला कळतो आणि तो त्या धंद्यात बापाच्याही पुढे जातो. मध्ये काही काळ तो चितू पेंढाऱ्याच्या फौजेतही घोडा नाचवतो. हा चितू इतिहासातला खरा माणूस आहे. पेंढारी युद्धानंतर पळत असता १८१९ साली असीरगडाजवळच्या जंगलात त्याला वाघाने मारले. कादंबरीत पुढे जालौनचा राजा इस्माईलला हत्तीच्या पायी देतो. गोविंदपंत बुंदेले यांच्या वंशजांकडे असलेले हे मराठी संस्थान १८४० साली खालसा झाले. म्हणजे ही कथा आपल्या पूर्वजांच्या अंगणातून जाते. आपल्यापैकी कित्येकांची घराणी पेशवे, शिंदे, होळकर वा नागपूरकर भोसले यांच्या चाकरीत नर्मदेच्या या बाजूस आली. काही १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाल्यावर नागपूरची दप्तरे उचलून भोपाळास आली. ज्या वाटांवर अमीर अली सावज हेरीत हिंडतो, त्याच या वाटा.

अमीर अलीचे व्यक्तिमत्त्व आम्हांस प्रथम वाचनात भुरळ घालून गेले, ते त्याच्या क्रौर्यामुळे नव्हे. तो सभ्य आहे. त्याचे बोलणे मृदू, वागणे अदबीचे, कपडे नीटनेटके. प्रवाशाशी त्याची मैत्री एका मुक्कामात होते आणि तीन मुक्कामांत ती इतकी दाट होते, की प्रवासी स्वतः होऊन म्हणतो, आपण संगतीनेच जाऊ. वाटेत चोरांची भीती आहे, हे त्याला अमीर अलीच समजावून सांगतो. तो पत्नीवर प्रेम करतो, मुलांसाठी झुरतो, नेमाने प्रार्थना करतो. आणि हे सारे ढोंग नाही, हीच या व्यक्तिरेखेतील गुंतागुंत. घरचा अमीर अली खरा आहे, वाटेवरचाही खरा आहे. दोघांच्या मध्ये एक दार आहे आणि त्याची किल्ली त्याच्याजवळ आहे.

या दाराची भिंत एकट्याने बांधलेली नव्हती. ठगांच्या धंद्याची सारी रचनाच सावधपणावर उभी होती. प्रवाशाला गोड बोलून फशी पाडणारा वेगळा, रुमालाने गळा आवळणारा वेगळा, खड्डे खणणारा वेगळा. आपसांत बोलण्यासाठी रामसी नावाची सांकेतिक बोली. खुनासाठी आधीच हेरून ठेवलेल्या जागेला त्या बोलीत ‘बेल’ म्हणत. तंबाखू आणण्याचा साधा हुकूम हा मृत्यूचा इशारा असे. आपल्या गावाजवळ हात उचलावयाचा नाही, आणि गोऱ्या माणसाच्या वाटेस जावयाचे नाही, कारण तो नाहीसा झाला तर चौकशी होते. आपला माणूस काशीयात्रेस निघाला व परतला नाही, तर घरचे लोक वर्ष-दोन वर्षे वाट पाहत आणि मग तीर्थाच्या ठिकाणी देह पडला असे मानून दिवस करीत. ठगांचा हिशेब या श्रद्धेवर चालत होता.

या काल्पनिक पात्रामागे जिवंत माणसे होती. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध फिरंगिया. हा जातीने ब्राह्मण. त्याच्या नावाची कथा मोठी विचित्र आहे. शिंद्यांच्या नोकरीतील फिरंगी सरदारांच्या पलटणींनी गावावर हल्ला केला, त्या पळापळीत आई प्रसूत झाली, म्हणून पोराचे नाव फिरंगिया. त्याला पकडण्यासाठी विल्यम स्लीमन याने १८३० साली आधी त्याची आई, बायको व मूल ताब्यात घेतले. स्लीमनने लिहून ठेवले आहे, की एवढे प्रिय धागे आपल्या हाती असता हा माणूस फार दूर जाणार नाही अशी आपली खात्री होती. ती खरी ठरली. वर्षाअखेरीस फिरंगिया हाती आला, जीवदानाच्या बोलीवर साक्षीदार झाला आणि त्याने आपल्या सोबत्यांची नावे व पुरलेल्या प्रेतांच्या जागा दाखविल्या. शंभर वाटा ठाऊक असलेला हा हिशेबी माणूस घराभोवती घोटाळत राहिल्यामुळे पकडला गेला, हे विसरता येत नाही.

आम्हां सरकारी नोकरांना स्लीमनचा आणखी एक कबुलीजबाब फार जवळचा वाटावा. १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूर जिल्हा त्याच्या ताब्यात होता. आपल्या नकळत या जिल्ह्यात साधी चोरीही होत नाही, अशी तेव्हा त्याची समजूत होती. पुढे साक्षीदारांनी सांगितल्यावर त्याला कळले, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची टोळी राहत होती, आणि सागर-भोपाळच्या वाटेवर एका मजलेवर असलेली मुंडेसूरची झाडी ही त्यांची एक मोठी ‘बेल’ होती. जिल्हा सांभाळलेल्या ज्याला ज्याला हे वाचून लाज वाटली नाही, त्याने आपले दप्तर पुन्हा उघडून पाहावे.

येथवरची गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते. आमचे दुसरे वाचन येथून पुढे सुरू झाले.

अमीर अली आपल्या खुनांचा आकडा ७१९ सांगतो आणि वर म्हणतो, की मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार पुरे झाले असते. पहिल्या वाचनात या वाक्याने अंगावर काटा आला होता. दुसऱ्या वेळी मनात आले, हा आकडा मोजला कोणी? सांगणारा कैदी आहे. जोवर तो सांगत राहील, जोवर त्याचे सांगणे साहेबास मोलाचे वाटेल, तोवर त्याच्या गळ्यास दोर लागणार नाही. अशा माणसाला आकडा कमी सांगून काय मिळणार? अमीर अलीने रुमाल खाली ठेवला, पण धंदा सोडला नाही. समोरच्या माणसास काय ऐकावयाचे आहे हे हेरून ते मधुर शब्दांत सांगणे, हाच तर त्याचा मूळ धंदा. आता प्रवाशाच्या जागी साहेब आहे, एवढाच फरक.

मराठी रंगभूमीने असाच एक सावध, हिशेबी गुन्हेगार आपल्याला दिला आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ नाटकातील लखोबा लोखंडे १९६२ साली रंगभूमीवर आला आणि प्रभाकर पणशीकरांनी तो घराघरांत पोचविला. निपाणीचा हा तंबाखूचा व्यापारी न्यायालयात सारे काही नाकारतो. अमीर अली सारे काही कबूल करतो. वरवर पाहता दोघे दोन टोकांचे. पण नकार हा जसा पडदा, तसाच कबुली हाही पडदा असू शकतो. लखोबावर विश्वास ठेवणारे फसतात हे प्रेक्षकास दिसत असते. अमीर अलीवर विश्वास ठेवणारा कोण, तर आपण स्वतःच.

हे आम्ही पुस्तकावरून शिकलो असे म्हणणे खोटे होईल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका जिल्ह्यात दुष्काळी कामांच्या मस्टरमधील अफरातफरीची चौकशी आमच्याकडे आली. तेथील एका लेखापालाने दुसऱ्याच बैठकीत सर्व कबूल केले. तारखा, रकमा, कोणत्या खोलीत कोण बसले होते, इतके तपशील त्याने दिले की आम्ही थक्क झालो. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याने आणखी पाच जणांची नावे सांगितली. आम्ही अहवालात लिहिले, ‘साक्षीदार विश्वासार्ह आहे.’ पाचही जण निलंबित झाले. तीन-चार वर्षांनी प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा दिसले की पाचांपैकी दोघांच्या सह्या त्या लेखापालानेच केल्या होत्या. दोघे निर्दोष सुटले. त्यांतला एक शिपाई होता. निकाल लागण्याच्या आधीच तो वारला होता. त्याच्या विधवेस थकबाकीचा कागद आमच्याच सहीने गेला. त्या लेखापालाने आम्हांस असे एकही उत्तर दिले नव्हते, ज्याचा प्रश्न आम्ही आधी सुचविला नव्हता. हे आम्हांस तेव्हा दिसले नाही, कारण चौकशी झपाट्याने पुरी केल्याबद्दल आमची पाठ थोपटली जात होती.

स्लीमनही अप्रामाणिक नव्हता. खड्डे खणले तेव्हा प्रेते सापडली. खून झाले होते आणि मरणारे आपल्यासारखेच यात्रेकरू, शिपाई, सावकारांची रोकड नेणारे लोक होते. त्यांच्याविषयी कळवळा बाळगून कंबर कसणाऱ्या अधिकाऱ्याचे श्रेय नाकारू नये. प्रश्न आहे तो पुढचा. १८३६ साली स्लीमनचा ‘रामसीयाना’ हा ग्रंथ कलकत्त्यास छापला गेला आणि त्याच वर्षी कायदा झाला, की ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरे. अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. टोळीत कोण होते हे सांगणारे कोण, तर साक्षीदार ठगच. अलीकडच्या इतिहासकारांनी, विशेषतः स्टुअर्ट गॉर्डन व किम वॅग्नर यांनी, दाखवून दिले आहे, की देवीच्या आज्ञेने चालणारा अखिल भारतीय खुनी पंथ हे चित्र या जबान्यांनी आणि त्या घेणाऱ्यांनी मिळून रंगविलेले आहे. वस्तुतः राज्ये मोडली, फौजा विसर्जित झाल्या, जमिनी गेल्या, तेव्हा जी अनेक प्रकारची माणसे वाटमारीकडे वळली, त्यांतलेच हेही. आपल्या पूर्वजांच्या पराभवाचा आणि या वाटांवरच्या प्रेतांचा संबंध असा जवळचा आहे.

त्या कायद्याची सावली लांबवर पडली. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणात जन्मला हे पाहण्याची सवय सरकारास लागली आणि १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. अनेक जमाती जन्मतःच चोर ठरल्या. तो कायदा रद्द होऊन विमुक्त हा शब्द मिळण्यास १९५२ साल उजाडावे लागले. सवय मात्र कायद्याबरोबर रद्द होत नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम पारध्यांच्या तांड्याकडे वळताना आम्ही नोकरीत अनेकदा पाहिली, आणि ती का वळली हे विचारले फार थोड्या वेळा.

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले व पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे वाचकांना स्मरत असेल. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातीतला माणूस तेथे स्वतःच्या भाषेत स्वतःची कथा सांगतो. समोर साहेब बसलेला नाही, जीवदानाची बोली नाही, आकडा फुगविण्याचे कारण नाही. अमीर अली आणि हे आत्मकथन आम्ही आता एकाच फळीवर ठेवले आहे. एक सांगितलेले आहे, दुसरे वदवून घेतलेले.

मग अमीर अली खोटा का? तसे आम्हांस वाटत नाही. कादंबरीत एक जागा आहे. तो एका स्त्रीचा गळा आवळतो, तिच्या गळ्यातले नाणे काढून घेतो, आणि पुढे त्याला कळते की ती त्याची हरवलेली बहीण होती. ते सांगताना त्याचा मधुर ओघ तुटतो. साहेबास खूश करण्यासाठी ही गोष्ट सांगण्याची त्याला काही गरज नव्हती. सावध माणूस खरे केव्हा बोलतो, याची खूण आम्हांस तेथे सापडली. जेथे त्याच्या सांगण्यात त्याचा काही लाभ दिसत नाही, तेथे कान द्यावा.

आता आम्ही चार इमलीत राहत नाही, पण सायंकाळी जवळच्या एकांत पार्कात फिरावयास जातो आणि परतताना त्या बंगल्यावरून येतो. चिंच अजून उभी आहे. आत कोणी नवा अधिकारी फायलींवर दिवा लावून बसलेला दिसतो. आत जाऊन त्याला एकच गोष्ट सांगावी असे वाटते, की साक्षीदार रडत असला तर त्याला पाणी द्यावे, आणि त्याने नाव घेतलेल्या शिपायाला दुसऱ्या दिवशी स्वतः भेटून यावे. आम्ही त्या शिपायास एकदाही भेटलो नव्हतो.