'वर्क' म्हणजे काम नव्हे : एका व्याख्येचा इतिहास

डोक्यावर ओझे घेऊन हमाल सपाट फलाटावरून चालतो, तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले कार्य शून्य, हे तुम्ही शिकला आहात. पहिल्या वर्षाचा वर्ग हे ऐकून हसतो, आणि ते हसणे मला रास्त वाटते. इंग्रजीत 'वर्क' म्हणजे कष्ट, नोकरी, लेखकाची कृती, सगळेच. त्यातून घाम तेवढा वगळणारी व्याख्या आली कुठून?

ती आली खाणीतून. अठराव्या शतकात इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींत पाणी भरे व ते वाफेच्या इंजिनांनी उपसावे लागे. कोळसा तिथे निघत नसे. तो वेल्सहून जहाजाने येई, म्हणून महाग पडे. खाणमालकाचा प्रश्न एकच होता : एक बुशेल, म्हणजे एक माप कोळशात, किती पौंड पाणी एक फूट वर आले? या आकड्याला 'ड्यूटी' म्हणत. पुढे १८११ पासून निरनिराळ्या इंजिनांची ड्यूटी दरमहा छापूनही येऊ लागली. जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांची कमाईही कोळशावरच ठरे : जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश. इंजिन किती धापा टाकते याला मोल नव्हते. मोजायचे ते वजन गुणिले उंची. हाच गुणाकार तुमच्या वहीत 'बल गुणिले विस्थापन' म्हणून येतो.

नाव मात्र फ्रान्सने दिले. १८२९ मध्ये कोरिऑलिस यांनी (होय, वाऱ्यांच्या दिशेच्या संदर्भात ज्यांचे नाव येते तेच) यंत्रांवरील आपल्या पुस्तकात या गुणाकाराला 'त्रावाय', म्हणजे काम, म्हटले. त्याआधी वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याला 'जिवंत बल' म्हणत. कोरिऑलिस यांनी त्याचा निम्मा भाग घेतला, म्हणजे तो केलेल्या कार्याशी थेट बरोबर येतो. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला १/२ या सोयीचा आहे.

तेव्हा हमालाचे 'शून्य' हा त्याच्या कष्टांवरचा शेरा नाही. त्याचे स्नायू ऊर्जा जाळतात, तिची उष्णता होते. ओझ्याची उंची मात्र बदलत नाही, आणि मोजणी ओझ्याची आहे. मराठी आणि हिंदी पाठ्यपुस्तकांनी 'काम' न घेता 'कार्य' घेतले, हे बरेच झाले. आता लग्नघरातही 'कार्य' असते, पण तिथे कोणी विस्थापन विचारत नाही.